घर आवरलेलं असलं की खरंच काम जास्त होतं का?

पाणकणीस :
आमचं घर कासारवडवलीला, वन बीएचके. आम्ही दोघं आणि दुसरीतला मुलगा. मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं आणि ऑफिस म्हणजे हॉलमधलं डायनिंग टेबल. नवरा साडेसातला अंधेरीला जायला निघतो, मुलाची व्हॅन साडेआठला येते, त्यानंतर लॉगिनपर्यंत जो वेळ मिळतो त्यात रोज एकच प्रश्न, आधी घर आवरू की सरळ कामाला बसू.
माझं मत असं की आवरलेल्या घरात डोकं चालतं. समोर कपड्यांचा ढीग आणि बाजूला अर्धी भरलेली दप्तराची पिशवी असली की मी एक मेल लिहायला तिप्पट वेळ घेते. पण आवरायला घेतलं की ते संपत नाही, ओटा पुसला की मिक्सर दिसतो, मिक्सर पुसला की त्याच्या मागची टाईल दिसते. माझी एक मैत्रीण म्हणते तू काम टाळतेस आणि त्याला आवराआवर म्हणतेस. मला हे बिलकुल पटत नाही.
तुमचे अनुभव सांगा. खास करून छोट्या घरात राहणाऱ्यांनी, कारण ज्यांच्याकडे वेगळी स्टडी रूम आहे त्यांचे व्हिडिओ बघून माझ्या हॉलचं काही होत नाही.

चहाबाज :
आधी चहा. कप धुवून जागेवर. मग बाकीचं बोलू.

रबाळे_शिफ्ट :
चांगला विषय. मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे फाईव्ह एस आहे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या बऱ्याच कंपन्यांत असतं. जपानी पद्धत, सेईरी, सेईतोन, सेईसो, सेईकेत्सु, शित्सुके. नवीन पोरांना वाटतं ही झाडलोट आहे, पण झाडणं-पुसणं तिसऱ्या नंबरला येतं. पहिलं काम नको ते बाहेर काढणं, दुसरं काम उरलेल्या प्रत्येक गोष्टीची जागा ठरवणं. तुमचं मिक्सर आणि टाईलचं वर्णन वाचलं, तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात करताय म्हणून ते संपत नाही. धूळ रोजच येणार, घोडबंदरला तर मेट्रोचं काम आणि ट्रक दोन्ही, ती कधीच संपणार नाही. वस्तूची जागा मात्र एकदा ठरवली की ठरली.
आमच्याकडे हत्यारांचा बोर्ड असतो, त्यावर प्रत्येक पान्याच्या आकाराची सावली रंगवलेली. पाना नसला की रिकामी सावली लांबून दिसते, कुणाला विचारावं लागत नाही. मशीन बंद पडलेली असताना बारा नंबरचा पाना शोधण्यात दहा मिनिटं गेली तर ती दहा मिनिटं लाईन बंद असते, त्यामुळे आम्हाला त्याची किंमत कळते. घरात कुणी हिशोब ठेवत नाही एवढंच. किल्ल्या, कात्री, चार्जर, मुलाची वही, डॉक्टरांची फाईल, या पाच गोष्टींची जागा ठरली तरी सकाळ बदलते. जिथली वस्तू तिथे, आजी सांगायच्या तेच.

मध्यमपदलोपी :
घरात सावलीचा बोर्ड लावला तर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यावर कालनिर्णय टांगलेलं असेल, खिळे आयते मिळाले म्हणून.

रबाळे_शिफ्ट :
@मध्यमपदलोपी, मग कालनिर्णयाची सावली रंगवा.

शिवणयंत्र :
मला हा धागा वाचून थोडं वेगळं म्हणायचंय. मी कळव्याला घरीच ब्लाऊज शिवते, ड्रेसही घेते, गणपती ते दिवाळी तर मान वर करायला वेळ नसतो. माझ्या खोलीत कुणी आलं तर म्हणेल काय हा पसारा. अस्तर, कटपीस, फॉलच्या घड्या, जमिनीवर चिंध्या, मशीनच्या बाजूला बॉबिन सांडलेल्या. ते काम चालू आहे म्हणून बाहेर आहे. प्रत्येक ब्लाऊज झाला की सगळं उचलून ठेवायचं आणि पुन्हा काढायचं असं केलं तर दिवसाचे दोन ब्लाऊज कमी होतील, धागा सुद्धा रंगाप्रमाणे एकदा लावला की त्या रंगाचे सगळे आधी उरकते मी.
पण एक गोष्ट कधी इकडची तिकडे होत नाही. गिऱ्हाईकाचं मापाचं ब्लाऊज आणि नवीन कापड एकाच पिशवीत, पिशवीला चिठ्ठी टाचलेली, नाव आणि द्यायची तारीख. आणि सुया डबीतच, कारण घरात भाचीचं रांगणारं बाळ येतं. बाकी चिंध्या रात्री एकदाच झाडते. त्यामुळे "घर आवरलेलं" म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा. कामाचा पसारा वेगळा आणि अडगळ वेगळी. माळ्यावरचा बंद पडलेला कूलर ही अडगळ. मशीनवरचं अर्धं शिवलेलं ब्लाऊज ही अडगळ नाही, त्यावर माझं घर चालतं.

पाणकणीस :
@शिवणयंत्र, हे फार पटलं. माझ्या टेबलावर माझा कामाचा पसारा नसतोच, बाकीच्या सगळ्यांचा असतो. बहुतेक तेच खटकतं.

तळ्याकाठी :
यावर जे अभ्यास फिरत असतात ते मी थोडे वाचलेत म्हणून लिहिते, लांबेल.
"पसाऱ्याने मेंदू थकतो हे प्रिन्स्टनने सिद्ध केलंय" असं सगळीकडे येतं, ते स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांच्या २०११ च्या जर्नल ऑफ न्यूरोसायन्समधल्या कामावरून. त्यात घर नव्हतं, टेबलही नव्हतं. लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून पडद्यावर आकृत्या दाखवल्या होत्या. एका वेळी नजरेसमोर अनेक गोष्टी असल्या की मेंदूच्या दृष्टीच्या भागात त्यांची आपसात स्पर्धा लागते आणि एकीवर लक्ष ठेवायला मुद्दाम जोर लावावा लागतो, हा त्यातला मुद्दा. त्यामुळे काम करताना डोळ्यांसमोर जेवढं येतं तेवढं मोकळं ठेवा असं त्यावरून म्हणता येईल. बेडरूमचं कपाट लावल्याने हॉलमधलं एक्सेल लवकर होईल असं मात्र त्यातून निघत नाही.
दुसरा २०१३ चा, मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांचा. नीट लावलेल्या खोलीत बसवलेल्यांनी खायला चॉकलेटपेक्षा सफरचंद जास्त निवडलं, दानालाही जास्त पैसे द्यायची तयारी दाखवली. आणि पसारा असलेल्या खोलीतल्या लोकांना पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले तेव्हा त्यांच्या कल्पना जास्त वेगळ्या निघाल्या. म्हणजे रबाळेवाले आणि शिवणयंत्रताई दोघांनाही त्यात आधार सापडेल. एकेका प्रयोगावर सगळी भिस्त ठेवू नये असं मला वाटतं, पण "आवरलेलं म्हणजे सगळ्याच कामाला चांगलं" हे इतकं सरळ नाही हे मला पटलं.
मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा. लॉस एंजेलिसमध्ये डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी यांनी २०१० मध्ये छापलेला. दोघंही नोकरी करतात अशा घरांतल्या ६० जणांना, नवरे आणि बायका मिळून, आपल्याच घरातून फिरत घराबद्दल बोलायला सांगितलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. हे बायकांच्या बाबतीत दिसलं हे लक्षात घ्या.

उंबरठा :
@तळ्याकाठी, शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद, कारण इतका वेळ मी तेच शोधत होते. इथे सगळे विचारतायत आवरलेल्या घरात काम जास्त होतं का. कुणाचं काम? आणि आवरलं कुणी? आपल्याकडचा २०१९ चा सरकारी वेळ-वापर सर्व्हे आहे. ६ वर्षांवरच्या लोकांत घरकामात भाग घेणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के, आणि जे करतात त्यांच्यातही बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. हे आकडे मी ऑफिसमध्ये सुद्धा सगळ्यांना सांगते. पाणकणीसच्या पोस्टमध्ये नवरा साडेसातला निघतो, मुलगा साडेआठला, आणि पसारा तिच्या टेबलावर राहतो. हा प्रश्न प्रॉडक्टिव्हिटीचा नाहीये. नवऱ्याचं काम वेळेवर सुरू होतं कारण तो दार ओढून निघून जाऊ शकतो. मैत्रिणीने हिलाच टाळाटाळ करणारी ठरवलं याचा मला राग आला, खरंच.

कोपरीकर :
सगळे पुरुष तसे नसतात हो. मी रोज भांडी घासतो आणि रात्रीचा ओटाही माझा.

उंबरठा :
@कोपरीकर, छानच, मनापासून म्हणतेय. ओट्यावर कुठला साबण संपलाय हे तुमच्या लक्षात येतं का बायकोच्या, हे पण बघा. घासण्याइतकंच ते लक्षात ठेवण्याचं काम असतं.

कोपरीकर :
विचारून सांगतो.

मध्यमपदलोपी :
@कोपरीकर, विचारून सांगताय यातच उत्तर आलं की.

नौपाड्याचा_वाडा :
मी जरा जुना माणूस. नौपाड्यात आमच्या वाड्यात दोन खोल्या होत्या आणि माणसं सात. तेव्हा प्रॉडक्टिव्हिटी हा शब्द कुणी ऐकला नव्हता पण शिस्त घड्याळाला बांधलेली होती. सकाळी सहाला गाद्यांच्या वळकट्या उचलून कोपऱ्यात गेल्या की त्याच जमिनीवर आम्ही भावंडं अभ्यासाला बसायचो, नऊला वह्या उचलल्या की तिथेच पानं मांडली जायची, दुपारी आई तिथेच धान्य निवडायची आणि रात्री पुन्हा गाद्या. जागा एकच, कामं चार, त्यामुळे एक काम संपल्याचं सगळ्यांना दिसायचं. वळकटी उचलली नाही तर पुढचं काम सुरूच होऊ शकत नव्हतं आणि उचलायची ज्याची त्याने, वडील सुद्धा आपली स्वतः उचलायचे.
आता माझ्या मुलाचा मानपाड्याला टू बीएचके आहे, प्रत्येक गोष्टीला खोली आहे, आणि कुठलंच काम संपत नाही. लॅपटॉप रात्री अकराला सुद्धा उघडाच. पाणकणीस, तुमचं टेबल जेवणाचं आहे हे वाईट नाही उलट सोय आहे असं मी म्हणेन. जेवणाच्या वेळी ऑफिस उचललंच पाहिजे. फक्त उचललेलं ऑफिस ठेवायला एक खण हवा, पूर्ण तुमचा, त्यात दुसऱ्या कुणाचं काही नाही.

ट्रान्सहार्बर :
माझा उपाय म्हणजे घरातून बाहेर पडणे. घणसोलीला आम्ही चौघं, धाकटी बहीण दहावीला, मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. घर आवरलेलं असो की नसो, टीव्ही असतोच. मी अभ्यासिकेत जातो, तिथे टेबल दोन फुटांचं, त्यावर पाण्याची बाटली आणि पुस्तक एवढंच मावतं. पसारा करायला जागाच नाही म्हणून होत नाही. घर सुधारत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पाणकणीस :
@ट्रान्सहार्बर, तुझं बरोबर आहे पण माझा मुलगा साडेबाराला परत येतो, त्यामुळे मला घरीच राहावं लागतं.
@उंबरठा, नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. तो २९९ वर थांबलाय सध्या.

हिरवा_चुडा :
विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात कपाटाला बुरशी येते त्यावर कुणाकडे उपाय आहे का? ऐरोलीला खाडीच्या बाजूला घर आहे, जुलैत चामड्याच्या चपला हिरव्या होतात.

रबाळे_शिफ्ट :
कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. बाहेरची भिंत असेल तर तिला कपाट लावूच नका. आणि ठासून भरू नका, ठासलेल्या कपाटात आधी बुरशी येते. ऊन पडलं की दारं उघडी टाका.

हिरवा_चुडा :
ठासून भरलंय हे कसं ओळखलंत!

चहाबाज :
ठाणे जिल्ह्यात कपाट आहे म्हणजे ठासलेलंच.

कोपरीकर :
पूर्वी बोहारणी यायच्या, जुन्या साड्या-शर्ट घेऊन स्टीलचं पातेलं द्यायच्या. कपाट आपोआप हलकं व्हायचं. आता आमच्या सोसायटीत वॉचमन आत सोडतच नाही. त्यांचं पोट त्यावर होतं आणि आपले कपडे कुणाच्या तरी अंगाला लागायचे, ती साखळी तुटली याचं मला वाईट वाटतं.

नौपाड्याचा_वाडा :
अगदी. घासाघीस करून आई एक पळी जास्तीची मिळवायची आणि दिवसभर खुशीत असायची.

सीवूड्सवाली :
कपाटात मावत नाही म्हणून लोक जिन्यात ठेवतात त्याबद्दल पण बोला. आमच्या मजल्यावर लॉबीत चपलांचे दोन रॅक, एक जुनी गादी, एक सायकल. रात्री आग लागली आणि लाईट गेले तर धुरात त्या सायकलला अडकून माणूस पडेल. घर नीट दिसावं म्हणून अडगळ उंबऱ्याबाहेर ढकलणं हे आवरणं नव्हे. तीन सभा झाल्या यावर.

मध्यमपदलोपी :
चौथ्या सभेला गादीवर बसायची सोय होईल.

सीवूड्सवाली :
चेष्टा नको हो, जिना मोकळा हवाच.

मध्यमपदलोपी :
मान्य. आमचा रॅक आज आत घेतला, खरंच.

गुळवेल :
बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहावंसं वाटलं. वाशीला आम्ही राहतो, वडिलांना पक्षाघात झालाय, हॉलमध्ये त्यांची लोखंडी कॉट आहे, वर-खाली होणारी. डायपरचे पुडे, युरिन पॉट, व्हीलचेअर, हे सगळं दारातून आलं की दिसतं. आमचं घर आता नीटनेटकं दिसू शकत नाही आणि लोक येऊन "जरा आवरून ठेवा, प्रसन्न वाटेल त्यांना" म्हणतात तेव्हा मला बोलता येत नाही. डायपर बेडरूमच्या कपाटात ठेवले तर रात्री तीन वाजता मला बाबांना एकटं सोडून आत जावं लागेल. ते बाहेरच राहणार.
औषधांचं मात्र मी एकदम कडक ठेवलंय. सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला डबा रविवारी भरते, रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये, आणि फाईल कॉटच्या उशाकडच्या खिळ्याला. भाऊ आला किंवा मावशी आल्या तरी मला फोन करावा लागत नाही. त्यामुळेच मला पुन्हा अर्धवेळ काम घेता आलं. शोभेसाठी आवरणं आणि हाताशी असण्यासाठी लावणं, यातलं दुसरं घ्या असं मी सगळ्यांना सांगेन.

उंबरठा :
@गुळवेल, वाचून थांबले. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. वाशीत कधी दोन तास कुणी बसायला हवं असेल तर मेसेज करा, मी सानपाड्याला असते.

रबाळे_शिफ्ट :
@गुळवेल, खिळ्याला फाईल, हाच आमचा बोर्ड. मी उद्या शिफ्टला तुमचं उदाहरण सांगणार आहे, नाव न घेता.

तळ्याकाठी :
मूळ प्रश्नात सवयीचा भाग राहिला. व्हॉट्सॅपवर २१ दिवसांत सवय लागते असं येतं, त्यावर विसंबून लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. लंडनच्या यूसीएल विद्यापीठात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, रोज ठरलेल्या प्रसंगानंतर एक छोटी गोष्ट करायची, उदाहरणार्थ न्याहारीनंतर अमुक. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, ६६ निघाला, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ इतका फरक. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही हेही त्यात दिसलं. मला त्यातलं "ठरलेल्या प्रसंगानंतर" हे जास्त कामाचं वाटतं. "सकाळी आवरेन" हे ढोबळ झालं, व्हॅन गेली की टेबल, एवढंच ठरवलं तर ते होतं.

पाणकणीस :
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काही गोष्टी ठरल्या आमच्याकडे त्या सांगते.
सकाळी मी फक्त टेबल मोकळं करते, बसल्यावर जेवढं डोळ्यासमोर येतं तेवढंच. ओटा, मिक्सर, टाईल माझ्या पाठीमागे आहेत, ते संध्याकाळी. नौपाड्याच्या काकांनी सांगितलं तसा शोकेसचा खालचा खण माझा, त्यातली नवऱ्याची जुनी बिलं त्यानेच बसून फाडली. रात्रीचं दप्तर, डबा, युनिफॉर्म हे बापलेकांचं काम, आणि काय संपलंय ते लक्षात ठेवणं पण, उंबरठाने लिहिलं होतं तसं. पहिल्या दिवशी कंपासपेटी राहिली, मुलाने शेजारच्याची पेन्सिल वापरली, जग बुडालं नाही, मी ती द्यायला शाळेत धावले नाही.
मैत्रिणीला मी सांगितलं की मी काम टाळत नव्हते, मी एका कामाआधी दुसरं काम करत होते आणि दुसऱ्याचा पगार नव्हता.
काम जास्त होतं का म्हणाल तर हो, सकाळचा पहिला तास तरी नक्की. दुपारनंतर मुलगा घरी असतो तेव्हा घर कसंही असो, काम तेवढंच होतं.
एकच अडलंय. टेबलासमोर उघडं शेल्फ आहे, मुलाची खेळणी, ठोकळे, गाड्या, सगळं रंगीत, आणि ते बसल्याबसल्या डोळ्यासमोर येतं. हलवायला दुसरी जागा नाही, त्याला ते हाताशी हवं असतं. काय करू?

कोपरीकर :
झाकणाचे डबे आणा, जांभळी नाक्याला ढिगाने मिळतात.

रबाळे_शिफ्ट :
डबे आणलेत तर पारदर्शक नकोत, नाहीतर पुन्हा तेच दिसणार. आणि प्रत्येक डब्यावर आतल्या खेळण्याचं चित्र चिकटवा, दुसरीतलं मूल स्वतः परत ठेवतं.

शिवणयंत्र :
डब्यांपेक्षा पडदा लावा, मुलाला बाजूला सारता येतो आणि खर्च कमी. शेल्फच्या रुंदीच्या दीडपट कापड घ्या, चुण्या पडल्या पाहिजेत. उंचीत वर नेफ्याला दोन इंच आणि खाली दुमडायला तीन इंच जास्त धरा. वर स्प्रिंगची तार आणि दोन हुक, ड्रिल लागत नाही, लाकडात हाताने फिरतात. एका रंगाचं, साधं कापड घ्या, फुलाफुलांचं घेतलंत तर डोळ्याला तेच पुन्हा. आणि सुती असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवा, आटतं.